मधले तीन बाइट

दादाची नोकरी माझ्या तीन रिकाम्या बाइटांनी खाल्ली. रिकामे कसले, कचऱ्याने भरलेले!

दादा कारखान्यात फिटर, बावीस वर्षं. तिथल्या गेटवरच्या कार्डमशीनचा प्रोग्राम मी लिहिलेला. प्रत्येक कामगाराची एक नोंद: एका बाइटात पाळी, पुढे चार बाइटांत नंबर. नंबर ठरावीक जागेपासूनच सुरू व्हावा लागतो, म्हणून मधे तीन बाइट मोकळे सुटतात. तिथे कुणी काही लिहीत नाही. आधीचं जे पडलेलं असेल ते तसंच राहतं.

आणि मी मोठी शहाणी! पाळीशी पाळी, नंबराशी नंबर ताडायचं सोडून अख्खी नोंदच कार्डावरच्या नोंदीशी ताडली, मधल्या मोकळ्या जागेसकट. एका ओळीत काम झालं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. ऑफिसातल्या चाचणीत मशीन ताजं सुरू केलेलं, सगळीकडे शून्य. कारखान्यात ते महिनोन्‌महिने बंदच होत नव्हतं. दादाची पाळी बदलली, त्याची नोंद नव्याने भरली गेली आणि मधे जुना कचरा राहिला; कार्डावर तिथे शून्यच. तीन दिवस त्याचं कार्ड लावलं की लाल दिवा. बनावट कार्ड वापरलं म्हणून दादाला घरी बसवलं.

चूक मला सापडली. तशीच आमच्या ऑफिसातल्या साहेबांकडे धावले.

“आधी जागा शून्याने पुसून घे, मग नोंद भर. झालं,” साहेब म्हणाले.

“आणि दादाचं काय? कारखान्याला पत्र लिहा ना.”

“त्याने कबुली दिलीय. मिटलेलं प्रकरण कशाला उकरतेस?”

मी एक ओळ वाढवली. साहेबांनी कारखान्याला कळवलं, ‘किरकोळ सुधारणा’. आग लागो त्या किरकोळला!

संध्याकाळी दादाकडे गेले. वहिनीने दार उघडलं आणि आत निघून गेली. दादा खुर्चीचा निखळलेला पाय ठोकत बसला होता. मी सगळं सांगून टाकलं.

“पण तू कबुली का दिलीस? कार्ड तर खरं होतं!”

त्याने हातोडी खाली ठेवली.

“अगं, गेटवर सगळ्यांना मीच सांगत फिरायचो, धाकटीचं मशीन आहे, चुकायचं नाही. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. केली सही.”

मला रडूच फुटलं.

“आता नीट चालतं ना?” त्याने विचारलं.