आरशातल्या भुवया

माझ्या दादावहिनीचं लग्न गाडी शिकवण्यावरून मोडलं, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. पण खरं कारण सांगायला गेलं की लोक आणखी चार कारणं विचारतात, आणि हे ऐकलं की हसून गप्प बसतात. शिवाय मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवायला जाऊ नये, हे लोकांना जितकं पटेल तितकं माझ्या पोटापाण्याला बरं.

दादा लिफ्टची तपासणी करतो. कुठली तार झिजली, कुठला दरवाजा नीट लागत नाही, हे दिवसभर बघायचं आणि घरी आल्यावरही नजर तीच. वहिनी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. दोघंही सरळ माणसं. आता पुरे, असं दोघांनी मिळून ठरवलं आणि परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. कपाटं, भांडी, मिक्सर, इस्त्री, सगळं एका संध्याकाळी वाटून झालं. घोडं अडलं ते ढमीपाशी.

ढमी म्हणजे माझी आठ वर्षांची भाची. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण जन्मली तेव्हा ती इतकी गुबगुबीत होती की मी ढमी म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. वहिनीने वेगळं घर घेतलं ते डेअरीजवळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून शाळेत यायला दोन बस बदलाव्या लागत आणि दुसरी बस कधी येईल हे तिच्या ड्रायव्हरलाही सांगता आलं नसतं. दादाचं म्हणणं, सोमवार ते शुक्रवार ढमी माझ्याकडे आणि सुट्टीचे दोन दिवस आईकडे. वहिनीचं म्हणणं, एक आठवडा तुझ्याकडे, एक माझ्याकडे.

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आई मुलीला रोज वेळेवर आणि सुखरूप शाळेत पोचवू शकते, हे वडिलांना पटलं तर आठवडा-आठवडा करू. तुमचं एकमत असेल तर न्यायाधीशही सहसा तेच कायम करतात. नाही पटलं, तर मग वकील आहेत आणि तारखा आहेत."

"तिला गाडी चालवता येत नाही," दादा म्हणाला. दुष्टपणाने नाही म्हणाला तो. बंद पडलेल्या लिफ्टवर पाटी लावावी तसं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या ऑफिसात हजर. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता.

"मला शिकव," ती म्हणाली. "पुढच्या तारखेच्या आत लायसन्स हवं."

"मी तुझ्या नवऱ्याची बहीण आहे, लक्षात आहे ना?"

"म्हणून तर आले. दुसरीकडे गेले तर ते नुसतं शिकवतील. तू ओरडशीलसुद्धा."

आता यात माझी काय पंचाईत होती ते सांगते. दादा माझा एकुलता एक भाऊ. मला दुचाकी शिकवताना मागे धावून धावून त्याने चपला झिजवल्यात. आणि वहिनी माझी नुसती भावजय नाही, माझ्या लग्नाच्या भानगडीपासून दाताच्या दुखण्यापर्यंत सगळं जिला आधी कळतं ती ही बाई. नणंद-भावजयीचं जमत नाही म्हणतात. आमचं इतकं जमायचं की दादा वैतागायचा. मी कुणाची बाजू घेणार? मी ढमीची घेतली. तिला एक अख्खी आई आणि एक अख्खा बाप हवा होता, सुट्टीपुरती आई नको होती. म्हटलं, बस गाडीत.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, वहिनीला गाडी येत होती. क्लच हलका, गिअर बिनखटक्याचा, चढावर थांबवून पुन्हा काढली तरी गाडी तसूभर मागे येत नव्हती. फक्त एक गोष्ट. काहीही करायच्या आधी ती शेजारच्या सीटकडे बघायची. वळायच्या आधी माझ्याकडे, ब्रेकच्या आधी माझ्याकडे. समोरून ट्रक येतोय आणि ही माझं तोंड न्याहाळतेय.

"वहिनी, माझ्या तोंडावर सिग्नल आहे का?"

"सवय गं."

सवय कुठून लागली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दादाने तिला दोन उन्हाळे शिकवलं होतं. तो कधी ओरडला नाही, त्याला ओरडायची गरजच पडत नाही. त्याच्या भुवया बोलतात. डावी वर गेली की गिअर चुकला, दोन्ही जवळ आल्या की ब्रेक उशिरा. वहिनी रस्ता शिकलीच नाही, भुवया शिकली. आणि हे गाडीपुरतंही नव्हतं. पडद्याचं कापड घेताना, ढमीला कुठला क्लास लावायचा ते ठरवताना, पाहुण्यांना चहा विचारतानासुद्धा ती आधी त्याच्याकडे बघायची. मी इतकी वर्षं ते बघत होते आणि मला ते प्रेम वाटत होतं. गाडीत शेजारी बसल्यावर मला त्याचा राग आला. दादाचा नाही, तिचाही नाही, त्या सवयीचा.

मग मी उपाय सुरू केले. गॉगल लावला. ती गॉगलकडे बघून अंदाज बांधू लागली. वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, तर म्हणाली, "पान उलटलंस ते नापसंतीने का?" एकदा तर मी माझ्या सीटसमोर रुमाल टांगला, आणि चौकातल्या पोलिसाने गाडी थांबवून आत कोण आजारी आहे ते विचारलं. घाबरली की वहिनी मला 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते. त्या दिवसांत मी रोज तासभर वन्सं होते.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. परीक्षा घेणारे साहेब निवृत्तीला आलेले, संकोची गृहस्थ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई गाडी उत्तम चालवतात हो. पण सारख्या माझ्याकडे बघतात. मलाच अवघडल्यासारखं झालं."

वहिनी घरी जाईपर्यंत हसली आणि दारात रडली. "ढमीला काय सांगू?" म्हणाली. दुसरी परीक्षा होती, पण ती न्यायालयाच्या तारखेच्या अगदी तोंडावर. त्यात नापास झाली की सगळा खेळ खलास.

तेवढ्यात ढमीने घोळ घातला. सुट्टीच्या दिवशी ती एकदा आमच्याबरोबर मागच्या सीटवर बसून आली होती. बापाच्या शेजारी बसून दूध पिताना ती सहज म्हणाली, "बाबा, आई रस्त्यापेक्षा आत्याकडे जास्त बघते." तासाभरात दादा माझ्या ऑफिसात.

"तू माझी बहीण आहेस की तिची?"

"दोघांचीही नाही सध्या. ढमीची आत्या आहे."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तुझ्या भुवया बघाव्या लागल्या असत्या."

तो खुर्चीत बसला. त्याचा राग लगेच उतरतो, आणि उतरला की खाली काळजी निघते. "हे बघ," तो म्हणाला, "ढमी गाडीत असेल. हिला काही ठरवता येत नाही. साधी साडी घ्यायची तरी मला विचारते. रस्त्यावर कुणाला विचारणार आहे? तिला मुलगी द्यायची नाही असं नाही गं. मला झोप लागायला हवी."

हे ऐकून मला उलगडा झाला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ह्याला विचारलं पाहिजे. आणि इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हिला काहीच येत नाही, सगळं माझ्याच डोक्यावर. दोघंही एकमेकांना सांभाळत दमली होती. मी म्हटलं, "रविवारी मागच्या सीटवर येऊन बस. डोळ्यांनी बघ. एक शब्द बोलायचा नाही."

"तोंड उघडणार नाही."

"तोंडाची काळजी नाहीये मला."

वहिनीला हे सांगितलं तेव्हा तिच्या पाचावर धारण बसली. "वन्सं, तुम्ही माझ्या जिवावर उठलात काय?" पण आली. ढमीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. दादा मागे बसला, तोही नेमका मधोमध, दोन्ही गुडघे दोन सीटच्या फटीत, कारण तिथून त्याला वेग दाखवणारा काटा दिसत होता. मी शेजारी, एक पाय शिकवणाऱ्यासाठी असतो त्या जादा ब्रेकवर. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी केवढा गाढवपणा केलाय. इतके दिवस मी तिच्या कानीकपाळी ओरडत होते, माझ्याकडे नको, आरशात बघ. आता आरशात दादा होता. आरसाभर नुसत्या भुवया.

पहिल्या चौकापर्यंत तिने चारदा आरशात पाहिलं. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, वा, काय सावध बाई आहे. मला आतलं माहीत होतं. डावी भुवई वर गेली, तिने गिअर बदलला. दोन्ही जवळ आल्या, तिने वेग कमी केला. बिनतारी संदेश जावा तसं चाललं होतं. मनात म्हटलं, संपलं. हा आज घरी जाऊन वकिलाला फोन करणार आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

बाजारामागच्या अरुंद रस्त्यावर आम्ही आलो. पुढे कडेला एक हातगाडी आडवी लागलेली. तिला ओलांडून जायचं तर आधी मागचं बघायला हवं. वहिनीने इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, मान जरा इकडे केली, जरा तिकडे केली. मागून जड गाडीचा आवाज येत होता. तिने पुन्हा पाहिलं. मग गाडी जागच्या जागी थांबवली आणि अगदी घरात पसारा आवरताना बोलते त्या आवाजात म्हणाली, "जरा खिडकीशी सरक. तुझ्यामुळे मागचा रस्ता दिसत नाहीये."

माझा तर पाय ब्रेकवरून निसटला. आपण काय बोललो हे बहुतेक वहिनीलाही कळलं नव्हतं, कारण ती आरशातच बघत होती, वाट बघत होती. दादा गुडघे सोडवत, डोकं वाकवून, खिडकीशी सरकला. आरसा रिकामा झाला. मागून दुधाचा टँकर आला, पुढे निघून गेला. तिने तो जाऊ दिला, पुन्हा आरसा बघितला आणि हातगाडीला हात-दीड हात जागा सोडून गाडी सुळ्ळकन पलीकडे काढली.

त्यानंतर आम्ही सगळं शहर फिरलो. पूल, बसस्टँड, शाळेचा रस्ता, शाळेच्या फाटकापुढची, गाडी मागे घ्यायची अवघड जागा. तिने ना माझ्याकडे पाहिलं ना मागे. दादा खिडकीबाहेर बघत होता. घरापाशी उतरला तेव्हा त्याने दार नेहमीसारखं दोनदा लावून बघितलं नाही. "येतो," एवढंच म्हणाला. मला वाटलं, चिडलाय. रात्री फोन केला, उचलला नाही.

परीक्षेत वहिनी पास झाली. ते संकोची साहेब म्हणाले, "या वेळी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही हो." त्यांना जरा वाईट वाटलं असावं.

तारखेच्या दिवशी समुपदेशक बाईंनी मलाही आत बोलावलं, शिकवणारी म्हणून. खोलीत एक लांब टेबल, एका बाजूला दादा आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि तिची वकीलबाई. वहिनीने लायसन्स टेबलावर ठेवलं. बाईंनी ते बघितलं आणि दादाकडे वळल्या.

"लायसन्स झालं. पण माझा प्रश्न कागदाचा नाही. मुलगी यांच्या गाडीतून शाळेत जाईल, यावर तुमचा विश्वास आहे का?"

वकिलाने दादाच्या बाहीला हात लावला. नुकतंच मिळालेलं लायसन्स, पहिली परीक्षा नापास, बोलायला भरपूर होतं. वहिनी मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती. ती टेबलाकडे बघत होती. दादाच्या तोंडाकडे नाही.

"चांगली चालवते," दादा म्हणाला. "मी गाडीत होतो. थोड्या वेळाने मी गाडीत आहे हे ती विसरलीच." त्याने वकिलाचा हात बाजूला केला. "मला असं कधीच कुणी सांगितलं नव्हतं की मी मध्ये येतोय. आधी कळलं असतं तर आधीच सरकलो असतो."

वहिनीने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "मलाच कुठे कळलं होतं," ती म्हणाली.

बाईंनी विचारलं, "म्हणजे आठवडा-आठवडा?"

"हो. पण एक अट आहे." दादातला तपासनीस जागा झाला. "ढमीला मागे बसवायचं, पट्टा लावून. खिडकीशी. मधोमध नाही. आरसा मोकळा राहिला पाहिजे."

"हे करारात लिहायचं का?"

"लिहा," दोघं एकदम म्हणाली.

वर्षभरात ढमीवरून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, तेही वेगळं होण्याच्या कागदावर. त्यांचं लग्न तिथे संपलं आणि मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण ती दोघं त्या क्षणी मला इतकी आवडली की मी वकिलांसमोर, समुपदेशक बाईंसमोर, नाक ओढत हमसून हमसून रडले. दादाने रुमाल पुढे केला आणि वहिनीने पाण्याचा ग्लास, आणि दोघांनी मिळून मला खुर्चीत बसवलं.