वर धरलेलं लाल कार्ड

माझा आवाज गेला होता, अक्कल नाही. पण हे डेरेकला सांगणार कोण? मीच सांगायचं, तेही कुजबुजत, आणि कुजबुजत दिलेल्या दमाला कुणी भीक घालत नाही.

मे महिन्यात गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, देव पावला म्हणायचा; पण ती काढताना आवाजाची नस दुखावली. आवाज परत येईलही, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. असल्या उत्तराचे ते पैसे घेतात! ओहायोतल्या आमच्या या गावच्या हायस्कूलमध्ये मी अर्धं आयुष्य इंग्रजी शिकवलंय. माझं वाचन सुरू झालं की पार्किंगमधला माळीसुद्धा गवत कापायचं मशीन बंद करून ऐकायचा. माझं आडनाव डोम्ब्रॉव्स्की; ते म्हणताना पोरांची बोबडी वळते, म्हणून सगळ्या गावाला मी मिस डी.

शाळा सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी डेरेक हॉफमन डोनटचा खोका घेऊन माझ्या वर्गात आला. डेरेक आमचा प्रिन्सिपल. नववीत माझ्याच वर्गात मागच्या बाकावर झोपायचा. आता टाय लावतो.

"मिस डी, रागावू नका," तो म्हणाला.

"मग रागावण्यासारखं बोलू नकोस."

"कॉम्प्युटर रूमला कुणीतरी हवंय. तुमच्या घशाला ताण नाही, काही नाही..."

कॉम्प्युटर रूम म्हणजे नापास झालेली पोरं स्क्रीनसमोर बसून राहिलेले विषय उरकतात, आणि मास्तर खुर्चीत बसून ती झोपली नाहीत ना एवढंच बघतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मला कोपऱ्यात ठेवलेली कुंडी समजलास का रे?"

"तसं नाही हो. पण उद्या आग लागली, नाहीतर कुणी माथेफिरू आत घुसला, तर पोरांना हाक कशी मारणार तुम्ही? त्यांच्या आईबापांना मी काय तोंड दाखवू?"

खरं बोलत होता मेला, म्हणूनच जास्त झोंबलं.

"पहिल्याच शुक्रवारी फायर ड्रिल आहे," मी म्हणाले. "तोवर माझा वर्ग माझ्याकडे. शुक्रवारी तुझ्या डोळ्यांनी बघ, मग ठरव."

सोमवारी नववीचा पहिला तास. गळ्यात अडकवायचा माइक शाळेने दिला होता. त्याने दोनदा किंकाळी फोडली आणि राम म्हटला. मी फळ्यावर लिहिलं, 'माझा आवाज एवढाच आहे. ऐकायचं असेल तर गप्प बसावं लागेल.' मग खिडकीजवळून मार्लो ग्रिम्स नावाची पोरगी, लाल केस, जिभेला हाड नाही, माझ्याच सुरात कुजबुजली, "मिस, आम्ही चर्चमध्ये आहोत का?"

हशा. मग दुसरा कुजबुजला, मग तिसरी. सगळा वर्ग मुद्दाम कुजबुजायला लागला. मला रडायला आलं. वर्गात नाही रडले. घरी जाताना गाडीत, सिग्नल हिरवा होऊन मागचा हॉर्न मारेपर्यंत रडले.

रात्री सूप ढवळता ढवळता मनात आलं, अगं बाई, कुजबुजतायत ना? मग कुजबुजू देत की!

मंगळवारी नियमच केला. या वर्गात सगळ्यांनी कुजबुजायचं, मोठ्याने बोललं की बाद. दिवा एकदा बंद-चालू केला की माझ्याकडे बघायचं. हात वर केला की उभं राहायचं. दाराकडे बोट केलं की रांगेने बाहेर. पोरांना खेळ वाटला. मी गोष्ट वाचायला घेतली, वादळात सापडलेल्या एका बोटीची, आणि ती ऐकायला पोरं बाकावरून पुढे वाकली. माझा आवाज पार्किंगपर्यंत जायचा तेव्हा एकही पोरगं असं वाकलं नव्हतं.

गुरुवारपर्यंत त्यांना सवयच लागली. शेजारच्या वर्गातला कोच रिग्ज डोकावला. तो फुटबॉल शिकवतो आणि उरलेल्या वेळात इतिहास; बोलला की भिंती हलतात. "काय हो मिस डी, पोरांना गुंगीचं औषध देता का? मलाही द्या थोडं."

"आधी तू घे," मी कुजबुजले. पोरं तोंडावर हात ठेवून खिदळली.

शुक्रवारी आगीची घंटा वाजली. दिवा, हात, बोट. माझा वर्ग सुतासारखा सरळ बाहेर पडला. कोच मागे ओरडत होता, "अरे ए, बॅगा ठेवा! फोन कसले काढताय!" आम्ही फुटबॉलच्या मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचलो. डेरेक हातातल्या घड्याळाकडे बघत उभा होता. माझ्याकडे बघून त्याने अंगठा वर केला, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! कॉम्प्युटर रूम गेली खड्ड्यात.

मग मी पोरं मोजली.

मार्लो नव्हती. घंटा व्हायच्या जरा आधीच ती बाथरूमला गेली होती. बाथरूमला जाताना परवानगीची खूण म्हणून माझा सूप ढवळायचा लाकडी डाव हातात घेऊन जायचा, अशी आमच्या वर्गाची पद्धत. मैदानावर ना डाव दिसत होता, ना पोरगी.

प्रत्येक मास्तराकडे दोन कार्डं असतात. सगळी पोरं आली की हिरवं, कमी असलं की लाल. खरं सांगायचं तर ड्रिलच्या दिवशी लाल कुणी धरत नाही. पोरगं दुसऱ्या वर्गात मिसळलं असेल, असं म्हणून सगळे हिरवं धरतात, कारण एक लाल दिसलं की सगळी शाळा उन्हात उभी. सगळीकडे हिरवंच हिरवं होतं. कोचनेही धरलं होतं.

"धरा की हिरवं," तो म्हणाला. "ऊन मरणाचं आहे, संध्याकाळी मॅच आहे माझ्या पोरांची."

माझ्या हातात दोन्ही कार्डं होती. हिरवं धरलं की माझा वर्ग पहिला आणि पूर्ण, डेरेक खूश, आणि माझी नववी माझ्याकडे. लाल धरलं की सगळ्या शाळेसमोर मीच सिद्ध करणार, की या बाईला आपली पोरं सांभाळता येत नाहीत. मला माझा वर्ग हवा होता हो, जिवापाड हवा होता.

मी लाल वर धरलं.

मैदानभर "अरे देवा" झालं. डेरेक धावत आला. "मिस डी, असेल ती कुठल्यातरी वर्गाबरोबर."

"कुठल्या?"

"असेल हो. खाली करा ते."

"कुठल्या वर्गाबरोबर, ते दाखव, मग करते."

मी कार्ड काही खाली केलं नाही. माझी पोरं माझ्यामागे चिडीचूप उभी होती. त्यांतल्या एकीने माझ्या कोपराला आधार दिला, कारण हात भरून आला होता. शेवटी डेरेक वैतागून स्वतःच आत गेला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. मागे मार्लो, तिच्या हातात डाव, आणि तिच्या मागे आणखी दोघी. जुन्या जिमच्या बाजूच्या बाथरूममध्ये तिघी आरशासमोर केस विंचरत गप्पा मारत होत्या. तिथली घंटा बंद पडली होती. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

"या दोघी कुणाच्या?" डेरेकने विचारलं.

मग कोच रिग्जने, ज्याच्या आवाजाने भिंती हलतात, आपलं हिरवं कार्ड हळूच खाली केलं. "माझ्या," तो पुटपुटला, आणि तो जागेवरच खाली बसला.

मार्लो माझ्याजवळ आली. "मिस," ती कुजबुजली, "खरी आग असती तर?" मी तिला जवळ घेतलं. रागवायचं होतं, पण जमलं नाही.

शाळा सुटल्यावर डेरेक माझ्या वर्गात आला. टाय सैल, केस विस्कटलेले. जिमकडची घंटा दुरुस्त करायला माणूस आला होता, त्याची ठोकाठोक ऐकू येत होती. डेरेक दारातच उभा राहिला, नववीत झोपायचा त्या मागच्या बाकाकडे त्याने एकदा बघितलं, आणि नकळत कुजबुजला, "सोमवारी पहिला तास तुमचाच, मिस डी. नववी तुमचीच."

"मोठ्याने बोल," मी म्हणाले. "तुझ्या घशाला काय झालंय?"