तपासणी : प्रा. लिगिया ओकाम्पो

एडिल्सन माझा विद्यार्थी. मानिसालेस शहरातल्या शाळेत मी त्याला इतिहास शिकवला. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे पोरं माझ्या तासाला खुशाल अरेपा, म्हणजे मक्याची भाकरी, खायची; हा मात्र वासावरून खाणाऱ्याचं नाव सांगायची माझी कला शिकायला बघायचा. पुढे मी कॉलेजात आले, आणि तो ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत लागला. एक दिवस मला शोधत आला.

"बाई, आमचं सॉफ्टवेअर तुम्हाला जमलं तर जगात कुणालाही जमेल. तपासून द्याल?"

मला बरं वाटलं. माझा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो आणि मी कीबोर्डवर काम करते. माऊस माझ्या काही कामाचा नाही. पहिल्याच शनिवारी उघडून बसले, तर आवाज म्हणतो, "बटण. बटण. बटण." कसलं, ते सांगत नाही. धड्यातला मजकूर, चित्रं, प्रश्न वरखाली लावायचे तर माऊसने ओढूनच.

तीन वर्षं माझे शनिवार त्यात गेले. एकसष्ट चुका लिहून दिल्या, प्रत्येक कशी सुधारावी त्यासकट.

"पुढच्या आवृत्तीत नक्की, बाई," एडिल्सन म्हणायचा.

पुढची आवृत्ती आली. "रंग फार सुरेख झालेत म्हणे," मी म्हणाले.

"कळला टोमणा."

यंदा मार्चमध्ये कॉलेजने ठरवलं, सगळ्यांनी आपले धडे याच सॉफ्टवेअरमध्ये बनवायचे. भूगोलाची माबेल कंपनीचं माहितीपत्रक वाचून दाखवत होती. मध्येच थांबली.

"अगं, तुझं नाव आहे. 'दृष्टिहीनांसाठी पूर्णपणे सुलभ. तपासणी : प्रा. लिगिया ओकाम्पो.' सांगितलं नाहीस ते?"

"पुन्हा वाच," मी म्हणाले. तिने वाचलं.

घरी जाऊन नवी आवृत्ती उघडली. तयार धडा आता नीट वाचता येत होता. बनवायला गेले, तर एक ओळसुद्धा जागची हलेना.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेले. एडिल्सनने कॉफी आणून हातात दिली.

"यात खोटं काय आहे, बाई? तपासलंत तर तुम्हीच."

"तपासलं आणि नापास केलं."

"विद्यार्थ्यांना वाचता येतंय की आता. धडे बनवणारे आंधळे असे किती असतात? वरचे मला विचारतात, एका माणसासाठी किती थांबायचं?"

"म्हणजे आंधळ्याने शिकावं. शिकवू नये."

"असं कुठे म्हणालो मी?" त्याने खुर्ची जवळ ओढली. "नाव मीच सुचवलं होतं. वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

वरच्यांनी परस्पर नाव टाकलं असतं तर मी भांडले असते. हे ऐकून मात्र भांडायचंही त्राण राहिलं नाही. कॉफी तशीच ठेवून उठले. तो हात धरायला आला. मी काठी पुढे केली.

मग माझ्या एकसष्ट चुकांची यादी सॉफ्टवेअर घेतलेल्या प्रत्येक कॉलेजला पाठवली. आठवड्यात कंपनीने माहितीपत्रकातून माझं नाव काढलं. 'पूर्णपणे सुलभ' हे शब्द तसेच राहिले. दोन कॉलेजांनी कंपनीला जाब विचारला. आमचे संचालक म्हणाले, "माबेल मदत करते ना? मग काम अडतंय कुठे?"

माबेल दर गुरुवारी माझे धडे चढवते. कुरकुर करत नाही. पण सव्वीस वर्षं मी माझा धडा स्वतः मांडत आले. आता कुठला प्रश्न आधी आणि कुठला नंतर, हे दुसरीला विनवून सांगावं लागतं. आणि ती थकलेली असली की मी 'राहू दे, चालेल' म्हणते.

डिसेंबरात एडिल्सनचा फोन आला. "ओढायची अडचण आता खरंच सुटतेय, बाई. एकदा बघून द्याल?"

"नाही," मी म्हणाले.

"दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही हो."

"आज गुरुवार आहे. माबेल धडे चढवायला थांबलीय," मी म्हणाले. मग त्यानेच फोन ठेवला.