सगळ्यांना बसणारा सूट

इन्गुन धक्क्याच्या शिडीवरून वर आली, तेव्हा तिच्या नारिंगी सुटात पाणी डुचमळत होतं. म्हणे जीव वाचवणारा सूट! बोट बुडाली तर माणसाला कोरडं ठेवायचं त्याचं काम, आणि इथे गळ्यापाशी मूठ जाईल एवढी फट. तिचे दात वाजत होते, पण रडू आलं ते वेगळ्याच कारणानं. लोफोटन बेटांवरचा कॉड माशांचा हंगाम तोंडावर आला होता आणि बापानं, एलिफनं, बजावलं होतं की सूट घालून तरंगून दाखवशील तरच बोटीवर घेईन.

"राहू दे यंदा," एलिफ म्हणाला. "समुद्र काय पळून जातोय?"

"सूट मोठा आहे, बाबा. माझं काय चुकलं?"

"पिशवीवर छापलंय, सगळ्यांना बसतो. तुझी आई इतके हंगाम माझ्याबरोबर आली, कधी कुरकुरली नाही."

घरी इन्गुनची आई, सोलब्योर्ग, वाफल भाजत होती. एलिफनं तिच्यापुढेही तेच पालुपद लावलं.

"मी कधी घातलाच नाही तो," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"एकदा घालून पाहिला होता. बूट निसटत होते, बोटं हातमोज्याच्या टोकाला पोचत नव्हती. मुकाट्यानं पिशवीत कोंबला. पाण्यात पडलेच तर लवकर सुटेन, अशी मनाची समजूत घातली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? सगळ्यांना बसतो म्हणे. मला वाटलं, खोट माझ्यातच आहे."

एलिफ मटकन खाली बसला. वादळात सुकाणू बायकोच्या हाती देऊन तो किती वेळा निर्धास्त झोपला होता!

त्यानं दुकानदाराला फोन लावला. लहान माप ठेवत नाही, कोणी मागतच नाही, असं उत्तर आलं.

"मी मागतोय ना? मागव," एलिफ खेकसला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या बोटींनी एकत्र निघायचं, हा त्या गावचा रिवाज. त्या दिवशी एलिफची बोट तेवढी धक्क्याला बांधलेली.

"इंजिन बसलं का रे?" शेजारच्या बोटीवरून ओड ओरडला.

"इंजिन ठणठणीत आहे. पोरीचा सूट यायचाय."

"सुटापायी कॉड सोडतोस? डोकं फिरलं तुझं."

"फिरायला उशीरच झाला," एलिफ म्हणाला.

फेरीबोटीनं खोकं आलं. इन्गुननं सूट चढवला आणि पाण्यात उडी टाकली. बर्फासारख्या पाण्यावर ती आरामात उताणी पडून राहिली.

"आत पाणी आलं?" एलिफ वाकून विचारत होता.

"एक थेंबही नाही."

तो हसला नाही. खोक्यातून त्यानं दुसरा सूट काढला आणि सोलब्योर्गपुढे धरला.

"हा कशाला? मी आता कुठे येते समुद्रावर?"

"माहितीये. तरी घालून दाखव एकदा. मला रात्री झोप लागत नाही."

सोलब्योर्गनं कुरकुरत सूट चढवला. बोटं थेट हातमोज्याच्या टोकाला पोचली. ती बोटं हलवून बघत राहिली.

"कॉफीचा थर्मास घरीच राहिलाय," ती म्हणाली. "घेऊन येते. मला सोडून निघू नका."