अष्टमीची दुसरी भरती

हमरापूरच्या आमच्या बाजूला कामाशिवाय कोणी चालत नाही. माणूस रस्त्याला लागला की तो दळणाला निघालेला असतो, नाहीतर स्टेशनला, नाहीतर कोणाच्या तरी मयताला. समोरचा विचारतो, 'कुठं चाललास?' आणि त्याला धड उत्तर द्यावं लागतं. हा रिवाज माझ्या बापाच्याही आधीचा आहे आणि त्यात मला कधी काही वावगं दिसलं नव्हतं. त्यामुळे चौऱ्याण्णव सालच्या शिमग्यानंतर माझी बायको जनी रोज तासभर नुसतीच चालायला लागली, तेव्हा सगळ्यात आधी लाजलो तो मी.

माझा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे फार काही नाही, घराच्या पडवीला जोडून एक लांबलचक पत्र्याची शेड. साचे काढणं, मूर्ती घासणं, रंग मारणं, सगळं मला येतं. येत नाही ते एकच, डोळ्यांची आखणी. ती जनी करते. मूर्ती किती का देखणी असेना, डोळे उघडेपर्यंत ती नुसतं प्लॅस्टर असते, आणि जनीने ब्रश लावला की शेडमध्ये कोणीतरी आल्यासारखं वाटतं. आमच्या घरात एक नेम आहे. एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, देवाला एका डोळ्यावर ताटकळत ठेवायचं नाही. वीस वर्षांत जनीने हा नेम मोडला नाही. चुलीवर भात करपला तरी नाही.

मात्र जोडी पुरी झाली की हाका सुरू. आईला औषध हवं असतं, आमच्या लेकीला, प्रतीक्षाला, शाळेची रिबीन सापडत नसते, कामाला येणाऱ्या सरूला प्लॅस्टरची पोती कुठे ठेवू ते विचारायचं असतं, आणि मला तर काय, समोर ठेवलेली वस्तूही जनीने दाखवल्याशिवाय दिसत नाही. मी हे आज लिहितोय. तेव्हा मला त्या हाका ऐकूच येत नव्हत्या, कारण त्यातल्या निम्म्या माझ्याच होत्या.

तर एके दिवशी दहाच्या सुमारास तिने डोळ्यांची एक जोडी पुरी केली, ब्रश धुतला, पदर खोचला आणि 'जाऊन येते' म्हणून निघाली. मला वाटलं, गेली असेल परसात. ती परत आली तासाभराने, पाय घोट्यापर्यंत धुळीने पांढरे झालेले. विचारलं तर म्हणाली, खाडीच्या बांधापर्यंत गेले होते. काय काम होतं? काय नाय. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं आणि ब्रश उचलला.

दुसऱ्या दिवशी ती पावणेअकराला गेली. तिसऱ्या दिवशी साडेअकराला. पुढच्या आठवड्यात भर दुपारी, मग उन्हं कलताना, मग एकदम उलट, पहाटे चुलीवर पाणी ठेवून. बरं, सवय म्हटली की तिला एक वेळ असते ना? माझ्या आईला बरोबर चार वाजता चहा लागतो, त्याला सवय म्हणतात. हिचं काही तंत्रच कळेना. निघण्याआधी ती कॅलेंडरसमोर उभी राहून बोटांवर काहीतरी मोजायची, एवढं मात्र मी पाहिलं होतं.

गावाने तिला सुखासुखी थोडंच चालू दिलं! 'कुठं चाललीस गो?' याला तिचं उत्तर 'अशीच.' मग बाया म्हणायच्या, अशीच चाललीस तर मिठागरावर आमच्या नाथाचा डबा दे. अशीच चाललीस तर येताना आमच्या शेरडाला हाकलून आण. पंधरा दिवसांत तिच्या हातात डबा, काखेत टोपली आणि पुढे कोणाची तरी बकरी, अशी तिची मिरवणूक निघायला लागली. मला हसू येत होतं. तिला येत नव्हतं.

त्यातच रोह्याचे दिनेशशेट गाडीने आले. दरवर्षी आमच्या मूर्ती घेणारे जुने गिऱ्हाईक. त्यांना आखणी स्वतः बघायची होती आणि जनी जागेवर नव्हती. वहिनी कुठे, म्हणाले. आता भर सीझनमध्ये माझी बायको काम टाकून फिरायला गेली आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मला कॅलेंडर आठवलं आणि मी ठोकून दिलं की तिचं व्रत आहे, तिथीवर चालतं. दिनेशशेटनी चपला काढल्या होत्याच, त्यांनी हातही जोडले. कोणत्या देवाचं, हे त्यांनी विचारलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

सरू तिथेच मूर्ती घासत होती. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

व्रत म्हटल्यावर सगळं पालटलं. डबे थांबले, बकऱ्या थांबल्या. जनी निघाली की बाया वाट सोडून बाजूला व्हायला लागल्या. माझी आई आपलं औषध आपल्या हाताने घ्यायला लागली. जनीला हे कळलं तेव्हा तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण ती व्हय म्हणाली नाही आणि नायही म्हणाली नाही. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. एका थापेत बायकोची सोय झाली आणि घराची अब्रूही राहिली.

चैत्र सरता सरता शिवाची आई पहिल्यांदा तिच्या मागे गेली. गावातली ती सगळ्यात जुनी बाई, तिच्या नातवाला नोकरी लागत नव्हती. मग सरू गेली, तिला मूल हवं होतं. मग रोज गल्लीच्या तोंडाशी अकरा-बारा जणी ताट घेऊन जनीची वाट बघत बसायला लागल्या. ती बांधावर जिथे थांबायची तिथे उघाडी आहे. उघाडी म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेली लाकडी दारं. त्या दारांना हळदकुंकू लागलं, उदबत्त्या लागल्या, खाडीत नारळ पडायला लागले. बाया जनीला विचारायच्या, गोडाचं चालतं का, बाळंतिणीने केलं तर चालेल का, उद्यापन कधी. ती गप्प राहायची. आणि गप्प राहिल्यामुळे व्रत जास्तच कडक ठरायचं.

मग एक दिवस ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायांना तिने अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं.

खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. ऑर्डरी तुंबल्या होत्या. जनी सकाळपासून पाटावर बसायची आणि एकामागून एक जोड्या पुऱ्या करायची. डोळ्यांत खोट नव्हती, तिचा हात चुकणारा नाही. पण मधेच ती मान वर करायची आणि दाराकडे बघायची, आणि दर दिवशी थोडी उशिरा बघायची. चौथ्या दिवशी तिने मान वर केली तेव्हा मी नेमका समोर होतो. वीस वर्षांत एवढं थकलेलं तोंड मी तिचं पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं की जने, तिथं हाय तरी काय?

तिने भांडी पालथी घातली, हात पुसले.

"भरती," म्हणाली. "माझा बाबा मिठागरावर होता ना. तो सांगायचा, तिथीची पाऊणपट केली का भरतीचा टाइम निघतो. रोज पाऊण तास पुढं. भरती पुरी झाली का खाडी थांबते. थोडाच वेळ. ना समुद्राकडं जात, ना गावाकडं येत. तेव्हा तिला कोण काय मागत नाय. मी तिथं उभी राह्यले का मला पण कोण काय मागत नाय." मग म्हणाली, "आता तिथं पण मागतात."

खाडीच्या उशाशी जन्म गेला आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मूर्तिकाराच्या घरात तिथी म्हणजे चतुर्थी, पुढचं आम्ही बघत नाही.

दोन दिवसांनी वैशाखी पौर्णिमा होती. भरती ऐन बारा-साडेबाराची, ऊन असं की बायांनी नेम घरूनच केला. मी आखणीचा माल बघून येतो अशी थाप मारली आणि बांधाकडे निघालो. वाटेत दोघांनी विचारलं, कुठं, आणि दोघांना मी दोन वेगळी कामं सांगितली.

बांधावर मी चाळीस वर्षांत पुष्कळदा गेलो आहे. खांड पडून बांध फुटला तेव्हा रात्रंदिवस माती टाकायला गेलो, जिताडा मासा घ्यायला गेलो, बापाची राख सोडायला गेलो. नुसता कधी गेलो नव्हतो. वर चढलो आणि पाय जागीच थांबले. माझ्या डाव्या हाताला पाणी होतं, बांधाच्या काठाशी, वाकलो असतो तर हाताला लागलं असतं. उजव्या हाताला आमची शेतं होती, सुकी, भेगाळलेली, आणि ती पाण्याच्या खाली होती. पुरुषभर खाली. त्यापलीकडे गाव, माझ्या शेडचे पत्रे, शाळा, रुळांवरून पेणकडे निघालेली गाडी, सगळं त्या पाण्याच्या खाली. मधे हा मातीचा बांध, ज्यावर मी चपला घालून उभा होतो. समुद्र आमच्यापेक्षा उंच उभा होता आणि आत येत नव्हता. उघाडीची दारं कोणी लावली नव्हती. पाण्यानेच ती दाबून मिटवली होती, स्वतःच्या हाताने.

पाण्यात बायांचा एक नारळ होता. तो गावाच्या दिशेने चालला होता, मग हळू झाला आणि माझ्यासमोर येऊन थांबला. तिवरांची पानं हलेनात. एक बगळा होता, तोही हलेना. एवढी मोठी खाडी, धरमतरपासून आलेली, आणि तिच्यात सुईएवढी हालचाल नाही. माझ्या अंगावर काटा आला. कारखान्याचं, दिनेशशेटचं, आईच्या चहाचं, माझ्या डोक्यात काहीही नव्हतं, आणि ते नव्हतं हेसुद्धा मला नंतर कळलं. मी हात जोडले नाहीत. हात जोडायचं भान राहिलं नाही. शेवटी नारळ जरासा फिरला, जिकडून आला तिकडे तोंड केलं आणि समुद्राकडे निघाला. मग मला जाणवलं की माझे डोळे भरून आले आहेत. एका थापेने मी हिच्याकडून काय काढून घेतलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

संध्याकाळी बाया शेडमध्ये आल्या. जनीची कणकण गेली का, आणि उद्यापन कधी धरायचं, ते ठरवायला. जनी एका मूर्तीचा उजवा डोळा काढत होती, त्यामुळे बोलणं मलाच भाग होतं. मी सांगितलं की उद्यापन नाही, कारण व्रतच नाही. दिनेशशेटसमोर लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो. ती फिरायला जाते, नुसती, एकटी, स्वतःसाठी.

मग सरूने विचारलं, "कामाशिवाय?"

"कामाशिवाय."

"आन तुम्ही जाऊ देता?"

"मी कोण देणारा, सरू? भरती काय मला विचारून येते?"

शिवाच्या आईने कपाळाला हात लावला. पंधरा-वीस दिवस मी लाकडाच्या फळीला कुंकू लावते हाय, म्हणाली, आणि तू तोंडातून शब्द काढला नाहीस. पुढे तिने मला जे ऐकवलं ते सगळं मला लागू होतं. बाया नाकं मुरडत निघून गेल्या. माझे कान तापले होते. जनीचा हात या सगळ्यात एकदाही थांबला नव्हता. तिने डाव्या डोळ्याची शेवटची रेघ ओढली, ब्रश धुतला, आणि मगच माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती देवाचे डोळे उघडते आहे. त्या संध्याकाळी तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ती नवीन मूर्तीकडे बघते, जोडी जमली का म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ती परत जायला लागली. दुपारी एकला, मग पावणेदोनला, मग अडीचला. 'कुठं चाललीस गो?' याला 'अशीच' म्हणाली की बाया आता हसतात, पण डबा देत नाहीत. एकदा सरू मला स्टेशनच्या बाजूला दिसली, रिकाम्या हातांनी, एकटीच. मी तिला कुठे म्हणून विचारलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, मी पण येऊ का तुझ्यासंगं? पौर्णिमेला मी तिथे जाऊन आलो, हेही सांगून टाकलं. जनी हसली. नाय म्हणाली. तिने कॅलेंडर बघितलं, बोटांवर मोजलं, आणि पुन्हा नाय म्हणाली. मला वाईट वाटलं, ते मी लपवलं नाही.

अष्टमीला ती पहाटे जाऊन आली. दिवसभर काम झालं. संध्याकाळी पाच वाजता तिने येऊन माझ्या हातातला रंगाचा डबा काढून घेतला.

"अष्टमीला खाडी उजेडात दोनदा भरते," म्हणाली. "सकाळची माझी झाली. सांजची तुमची. जा."

आई आतून मला हाक मारत होती. जनी म्हणाली, ती मी बघते. मी चपला घातल्या. गल्लीच्या तोंडाशी नाथा भेटला, मिठागरावरून परत येत होता, आणि त्याने विचारलं, कुठं चाललास गुणाजी. दोन-तीन कामं माझ्या जिभेवर आली.

"असाच," म्हणालो, आणि चालू लागलो.