उजवीकडून वाचा

सकाळचं ऊन त्या खोलीत एकदम येत नसे. आधी ते दुधी काचेवर थबके, बाहेरच्या गजांच्या फिकट सावल्या तिच्यावर उमटवी. मग खिडकीच्या फटीतून एक बारीक पट्टी आत सरके, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यातून वाकून जाई आणि गालिच्याच्या विरलेल्या कोपऱ्यावर, कुणी हाक मारीपर्यंत उठायचंच नाही अशा बेताने पडून राही. खुर्चीच्या पायापर्यंत पोचायला तिला सव्वीस मिनिटं लागत. त्याला हे ठाऊक होतं, कारण गेले तीन बुधवार त्याने दुसरं फारसं काही केलंच नव्हतं.

"आज बोलणं जड जातंय तुम्हाला," समोर बसलेल्या समुपदेशक बाई म्हणाल्या.

"बोलून उपयोग काय? तुम्ही सांगणार तर काही नाही."

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत असे. चार महिन्यांपासून तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत कुणी म्हातारा येऊन बसला, की त्याचा भिंग धरलेला हात थरथरू लागे. मालकांनी महिनाअखेरची मुदत दिली होती. त्यानंतर तपासणी बंद, काउंटरवर फ्रेमा पुसत उभं राहायचं. डोळे तपासणं, एवढी एकच विद्या त्याच्या अंगी होती.

पहिल्या समुपदेशकाने भीतीला एक ते दहा गुण द्यायचा तक्ता दिला, दुसऱ्याने श्वास मोजायला लावले. दोन्ही त्याने इमानेइतबारे केलं. हात थरथरतच राहिला. तेव्हा धाकट्या बहिणीने बरीच शोधाशोध करून या बाईंचा पत्ता आणला.

"मानवतावादी पद्धत म्हणतात, दादा. त्या सल्ला देत नाहीत, दुखण्याला नाव चिकटवत नाहीत. तू आहेस तसा समजून घेतात. माणसाला आपली वाट आतून माहीत असते, असं मानतात."

"माहीत असती तर सुट्टी टाकून कशाला गेलो असतो?"

"तू जा रे. बाबांसमोर दोन मिनिटं बसत नाहीस. विचारत असतात ते, हा घरात आहे की नाही."

आता बाईंसमोर त्याने तेच चौथ्यांदा सांगितलं. "बाबा बस चालवायचे. साखरेने डोळ्यांचे पडदे गेले. वेळेवर आणलं असतं तर डोळे वाचले असते, म्हणाले डॉक्टर. कुणालाच कळलं नाही. संपलं. आता सांगा, मी काय करू?"

"कुणालाच कळलं नाही," बाई हळूच म्हणाल्या.

तो उसळला. "माझंच वाक्य मला परत देता. घरच्या भिंतीशी बोललो असतो तर येण्याजाण्याचा वेळ तरी वाचला असता."

"राग आलाय माझा."

"आलाय. मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर निदान भिंग तरी ठेवतो."

"कुठलं ठेवायचं, ते कसं ठरवता?" बाईंच्या स्वरात नुसतं कुतूहल होतं.

"विचारतो. हे बरं की आधीचं? डोळा त्यांचा. त्यांना काय दिसतं ते मी कसं सांगणार..." वाक्य पुरतं होण्याआधीच त्याला ते ऐकू आलं. तो चिडून पेल्याकडे बघत राहिला.

"आणि त्यांनी खरं सांगितलं नाही तर?"

"नाहीच सांगत काही जण. नोकरीसाठी नजर चांगली असल्याचा दाखला हवा असतो. अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात, घडाघडा म्हणतात. मग मी म्हणतो, आता हीच ओळ उजवीकडून वाचा. अडतातच. एकदासुद्धा मी तसं न विचारता सही..."

त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

त्याच्या शिक्षणाच्या दिवसांत तो तक्ता घरी जेवणाच्या टेबलासमोर टांगलेला असे. बाबा घास घेता घेता अक्षरं म्हणत आणि चुकलं की स्वतःच हसत. गेल्या वर्षी ते दाखल्यासाठी दुकानात आले, खुर्चीत ताठ बसले आणि खालची ओळ एका दमात म्हणून मोकळे झाले. म्हणताना त्यांची नजर तक्त्यावर नव्हती; जराशी डावीकडे, कोऱ्या भिंतीवर होती. "निवृत्तीपर्यंतचं एवढं एक वर्ष निघू दे," ते म्हणाले होते. त्याने सही केली होती.

उन्हाची पट्टी खुर्चीच्या पायाशी आली.

"बाबांना मी उजवीकडून वाचायला सांगितलं नाही," तो म्हणाला.

त्याने पाय उन्हाच्या पट्टीतून मागे घेतले.

"त्यांना दिसत नव्हतं. मला माहीत होतं."