पाण्याला रोग

चाळीस मिनिटांत निकाल म्हणून आमच्या तपासणी केंद्राचं फार कौतुक झालं. पूर्वी भाताची पानं लांबच्या प्रयोगशाळेत पाठवायची आणि पंधरा दिवस वाट बघत बसायचं. तोवर रोग शेतभर फिरून यायचा. आता डब्याएवढं यंत्र आलं. यंत्र जलद झालं हो, पण बाई तीच राहिली. लावणीच्या दिवसांत रोज ऐंशी जणांची पानं येतात. ती कुटणारे, थेंब सोडणारे, चिठ्ठ्या लिहिणारे हात दोनच, आणि तेही माझे. साहेब आहेत, नाही असं नाही. साहेब सही करतात.

काम तसं अवघड नाही. पान कुटायचं, त्याच्या रसाचा एक थेंब गुलाबी औषधाच्या नळीत सोडायचा, झाकण दाबायचं आणि नळी यंत्रात तापत ठेवायची. नळी गुलाबी राहिली तर रोप निरोगी. पिवळी झाली तर विषाणू आहे, रोपं त्याच दिवशी उपटून गाडायची, कारण तुडतुडे तो रोग शेजारच्या शेतात न्यायला मुहूर्त बघत नाहीत.

यंत्राला सोळा भोकं. पंधरा लोकांची आणि सोळावं पाण्याचं. त्या नळीत पानाचा रस नाही, नुसतं स्वच्छ पाणी. ती गुलाबी राहिली तरच बाकीच्या पंधरांवर विश्वास ठेवायचा. तीच पिवळी झाली तर टेबलावर नाहीतर हातावर काहीतरी सांडलंय, आणि सगळी खेप रद्द. भिंतीवर दोनच नियम लावलेत. प्रत्येक खेपेला पाणी ठेवा. तापलेल्या नळीचं झाकण उघडू नका, आतला एक शिंतोडा सगळं टेबल नासवतो.

सोमवारी मी दोन्ही मोडले.

अकराच्या सुमारास एक मिशीवाले काका हटूनच बसले. "ही पिवळी कुठंय, बाई? ही तर नारिंगी." त्या वेळी माझी सकाळची चौथी खेप चाललेली, पाय भरून आलेले, आणि हे नळी माझ्या नाकासमोर नाचवतायत. झाकण आतून वाफेनं धुकटलं होतं, मलाही धड दिसेना. मी अंगठ्यानं झाकण उचललं आणि आत बघितलं. तीस वर्षं चुलीपाशी उभी राहिलेली बाई मी, शिजलं का बघायला झाकण उचलायचं एवढंच हाताला माहीत. "पिवळीच आहे, काका. चष्म्याचा नंबर बघून घ्या," म्हटलं आणि टप्पकन झाकण लावलं. काका गप्प बसले, याचंच मला समाधान.

रांग फाटकापर्यंत गेली होती. पुढच्या खेपेला मी सोळाव्या भोकातही एका माणसाचीच नळी ठेवली. म्हटलं, पाण्याला कसला रोग होतोय! एक माणूस तरी लवकर सुटेल.

दिवसाच्या त्या शेवटच्या खेपेत नऊ नळ्या पिवळ्या निघाल्या. एरवी दोन निघतात, फार तर तीन. मला शंका यायला हवी होती. खरं सांगते, मला आला तो फक्त कंटाळा. नऊ फोन करायचे आणि नऊ जणांची बोलणी खायची.

आठ जणांनी ती पोटभर घातली. एक म्हणाला यंत्र खोटं, एक म्हणाला बाई खोटी, एकानं साहेबांच्या वरच्या साहेबांना फोन लावला. "पुन्हा तपासा, तोवर एक रोप उपटणार नाही," असं आठही जणांनी ऐकवलं.

नववा फोन वन्संना होता. माझी मोठी नणंद. नवरा गेल्यापासून एकटीनं रोपवाटिका चालवते. अकरा घरांची लावणी तिच्या रोपांवर असते. हाताला गुण आहे, लोक म्हणतात वन्संनी दगड पेरला तरी उगवेल. यंदाची रोपं बावीस दिवसांची झाली होती, दोन दिवसांत लोक न्यायला येणार होते. पानांची टोकं जरा पिवळी वाटली म्हणून ती स्वतःच पानं घेऊन आली होती, रांगेत उभी राहून. वहिनी आत आहे म्हणून पुढे घुसली नाही.

मी सांगितलं. ती म्हणाली, "तूच तपासलंस ना, वहिनी?"

"हो, वन्सं. मीच."

"मग झालं."

संध्याकाळपर्यंत तिनं सगळे वाफे उपटून खड्ड्यात पुरले. अकरा घरी स्वतः जाऊन सांगून आली की माझ्याकडे रोग आलाय, दुसरीकडे बघा.

मंगळवारी सकाळी पहिल्या खेपेला मी पाणी ठेवलं. चाळीस मिनिटांनी यंत्र उघडलं, तर पाणी पिवळं. पाणी बदलून पुन्हा ठेवलं, तेही पिवळं. टेबलच नासलं होतं. काकांच्या नळीतला शिंतोडा सगळीकडे पसरला होता, आणि त्याच टेबलावर मी त्या नऊ जणांचा निकाल लावला होता.

उरलेली पानं फ्रीजमध्ये होती. साहेबांच्या खोलीत नवं औषध, नवे हातमोजे, सगळं नवं घेऊन नऊच्या नऊ पुन्हा लावली, पाण्यासकट. ताकही फुंकून पितात म्हणतात ना, तशी. चाळीस मिनिटं मी खुर्चीवर बसले नाही. दहाही नळ्या गुलाबी. वन्संच्या पानांची तर इतकी सुरेख गुलाबी की बघवेना. नुसती खताची कमतरता असणार. दोन मुठी खतानं भागलं असतं.

साहेब म्हणाले, "आठ जणांना निरोगी म्हणून कळवा, खूश होतील. नणंदबाईंचं आता उपटलं ते उपटलं. सांगून काय रोपं परत येणार आहेत? उगाच हात दाखवून अवलक्षण." माणूस वाईट नाही. दमलेलाच आहे, माझ्यासारखा. आणि लपवू कशाला, क्षणभर मलाही ते पटलं. घरातलं नातं आहे, सणावाराला तोंड दाखवायचंय. रोग होता म्हटलं की रोगाचा दोष. मला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याइतकी दमलेली तर मी होतेच.

दुपारी तिच्याकडे गेले. ती फाटकाबाहेर रस्त्यावर बसून चपला घासत होती, साबणानं, ब्रशानं. मला बघून लांबूनच हात वर केला. "पुढे येऊ नकोस गं. तुला दिवसभर लोकांच्या पानांत हात घालायचा असतो. माझ्याकडचं काही लागायला नको." कुणाच्या बांधावर सुद्धा पाय ठेवला नाही म्हणाली, अकराही घरांशी रस्त्यावरूनच बोलली होती.

"वन्सं, रोग नव्हता," मी म्हटलं. "चूक माझी झाली. मी झाकण उघडलं आणि पाणी ठेवलं नाही. तुमची रोपं चांगली होती."

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, झाकणापासून पाण्यापर्यंत सगळं. ब्रश तिच्या हातात तसाच राहिला.

"बाकीच्यांची पण उपटली?" तिनं विचारलं.

"नाही. ते भांडले. त्यांची उभी आहेत."

तिनं मोकळ्या वाफ्यांकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि देवाशपथ, मला त्या हव्या होत्या. पण ती ओरडली नाही.

"तपासणारी दुसरी कुणी असती ना," ती म्हणाली, "तर मीही म्हटलं असतं, बाई, पुन्हा एकदा बघ."